हाडकीखालची विहीर

दगड चाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या ओसरीवर बसून तो पिशवीतून काळ्या दगडाचा तुकडा काढायचा, हातोडीनं टवका उडवायचा आणि ताज्या फुटलेल्या जागेला जीभ लावून डोळे मिटायचा. वस्तीतली पोट्टी दारात गर्दी करून खिदळायची. "सर, मीठ आनू का मीठ?" म्हणायची. मीही पदर तोंडाला लावून हसले होते. माझे ते हसायचे दिवस नव्हते, तरी हसू आलं, काय करू.

सत्तरीच्या सालांमधली गोष्ट आहे ही. मोठा दुष्काळ नुकता होऊन गेला होता. आमचा वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता, अकोल्यातच होतो आम्ही. शिरपूरपर्यंत एसटी यायची, पुढं आमच्या गावाला पायी, नाहीतर कोणाच्या बैलगाडीत. गाव उंचावर आणि आमची बौद्धांची वस्ती खाली, उताराला. दोन्हीच्या मधे एक उघडं माळरान होतं. त्याला हाडकी म्हणत.

नव्या पोरांना हा शब्द कळत नाही, म्हणून सांगते. गावात बैल मेला, म्हैस मेली, की ती ओढून न्यायचं काम पूर्वी आमच्या लोकांकडं होतं. ती ढोरं जिथं टाकायची ती हाडकी. जमीन आमच्याच लोकांच्या नावावर, त्या कामाच्या बदल्यात मिळालेली. दीक्षा घेतली आणि माझ्या सासऱ्यांनी, वस्तीतल्या सगळ्यांनीच ते काम सोडलं. गावानं आधी धमक्या दिल्या, मग काही दिवस बोलणं बंद केलं, शेवटी गाववाले स्वतःच्या गड्यांकडून ढोरं गाडीत घालून आणायला लागले. पण आणून टाकायची कुठं? तर तिथंच, हाडकीवर. काम सुटलं, जागा काही सुटली नाही.

आणि विहीर. तिच्याविषयी लिहायचं म्हणून तर हे सगळं लिहायला बसले. गावाच्या विहिरीवर आमच्या बायांनी किती वेळ घागर खाली ठेवून वाट पाहायची, कोणी दयेनं वरून पाणी ओतायचं, ते दिवस सासऱ्यांनी पाहिलेले. मामाजी म्हणायची मी त्यांना. दीक्षेनंतर त्यांनी आणि वस्तीतल्या गड्यांनी मिळून हाडकीच्या खालच्या अंगाला, आमच्या घरांच्या तोंडाशी विहीर खणली. दिवसा दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि उरल्या वेळात आपली विहीर. काळा पाषाण लागला तेव्हा सुरुंगाची दारू मिळेना, मग पहारीनं आणि घणानं फोडला. मामाजींच्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वळायची नाहीत. भाकरी तोडताना ती तशीच ताठ राहायची.

लग्न होऊन मी आले तेव्हा सासू नव्हती. आमचे हे कारंज्याला कापसाच्या जिनात कामाला, आठवड्याला येणार. घरात मी आणि मामाजी, आणि पुढं माझं पहिलं लेकरू. मुलगा होता. रोज उजाडता मामाजी विहिरीवर जायचे, पहिली बादली स्वतः शेंदायचे, पितळेच्या लहान गडव्यात पाणी भरायचे आणि नातवाला मांडीवर घेऊन पाजायचे.

"पी बाप्पा, पी. आपल्या इहिरीचं हाय. कोनाले मांगून आनेल नाई."

त्या लेकराला तेवढं वाक्य ऐकल्याशिवाय पाणी जात नसे. नुकतं पाऊल टाकायला लागलं होतं. पावसाळ्यात त्याला हगवण लागली. वस्तीत आणखीही लेकरांना लागली होती. आम्ही गाडी जुंपून शिरपूरच्या दवाखान्याकडं निघालो. दवाखाना दिसायच्या आधीच मामाजींनी गाडीवानाला म्हटलं, "फिरव." त्याच्यापुढं मला लिहिता येत नाही.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बोरची मशीन आली.

तीन पायांचा उंच लोखंडी घोडा, खाली इंजिन, आणि एक जीप. हाडकीवरच उभी केली. जमिनीतून दगडाच्या लांब गोल कांड्या निघायच्या, अगदी वरवंट्यासारख्या गुळगुळीत. त्या लाकडी पेट्यांत ओळीनं मांडून ठेवायचे. आमच्या शेजारणीनं जाऊन एक मागितली सुद्धा. "साहेब, एक द्या ना, माह्या पाट्याले जोडी नाई." मशीनवरचा साहेब तरुण होता, चिडला. म्हणाला, हे सरकारी आहे.

कशाला आले ते आधी कोणी सांगेना. कोणी म्हणे रॉकेलचा झरा शोधतात, कोणी म्हणे सोनं. शेवटी सरपंचानं शाळेत सभा घेतली. सरपंच गावातला मोठा शेतकरी, बोलायला गोड. सभेहून मामाजी आले आणि पागोटं काढून खुंटीला अडकवता अडकवता म्हणाले,

"आयकलं का, सूनबाई? अनुभट्टीतली राख पुराची हाय म्हने. जहरी राख. कोठी तरी खोल पाषानात पुरा लागते. देशात चार ठिकानी पाहून राह्यले, त्यातलं एक आपलं."

"अन् जागा कोनं दाखोली?"

"कोनं म्हंजे? सरपंचानं. म्हने पडीक हाय, कोनाच्या कामाची नाई." मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावून थांबले. "घान टाकाची म्हनलं की यायले आमचीच जागा दिसते."

सरपंचाचा हिशेब सरळ होता. असं काही झालं तर शिरपूरपर्यंत डांबरी सडक होईल, लाइट येईल, गावातली दोन-चार पोरं नोकरीला लागतील. वस्तीतल्याही काही जणांना ते पटलं होतं. का पटू नये? अंधारात आम्हीही राहत होतो.

जीपमधून तो म्हातारा उतरला तो त्यानंतर. दगड चाटणारा. कुठल्याशा कॉलेजात भूगर्भ शिकवून निवृत्त झालेले सर होते. दात जवळजवळ नव्हतेच, भाकरी वरणात भिजवून खायचे. गावातल्या चावडीवर त्यांची सोय केली होती, पण हाडकीला जवळ म्हणून दुपारी आमच्या ओसरीवर टेकायचे. पहिल्या दिवशी मी पाणी दिलं तर एका दमात तांब्या रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला. मामाजी ते बघत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "त्या बुढ्याले भाकर देत जाय."

मामाजींनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो मला अजून आठवतो.

"सर, तुमी कोनाचे? सरकारचे का त्या भट्टीवाल्यायचे?"

"कोणाचाच नाही. त्यांनी बाहेरच्या तिघांना विचारलंय, तुम्ही बघून तुमचं मत द्या म्हणून. पगार त्यांचा घेत नाही."

"पगार नाई, हुकूम नाई. मंग तुमचं आयकते कोन?"

सर बोळक्या तोंडानं मोठ्यांदा हसले. "तो प्रश्न मलाही पडतो, बाबा. ऐकतील का नाही ते माझ्या हातात नाही. खरं ते लिहिणं हातात आहे."

"हं," मामाजी म्हणाले. "म्हंजे आमच्याचसारखे हा तुमी."

राख नसते ती, सरांनी सांगितलं. भट्टीतलं जळण वापरून झालं की मागं जे उरतं ते काचेत आटवून लोखंडी डब्यात बंद करतात. ते शांत व्हायला इतका काळ लागतो की तेव्हा ही गावं असतील का, आपली भाषा असेल का, कोणी सांगू शकत नाही. म्हणून जागा अशी पाहिजे की तिथलं पाणी कुठं जात नाही, कुठून येत नाही. पाणी हलत असेल तर कितीही खोल पुरा, कधीतरी ते त्याच्यासोबत चालायला लागणार. मला समजावं म्हणून त्यांनी माझ्या टोपल्यातल्या भाकरींवर बोट ठेवलं. "आपला काळा पाषाण असा आहे, बाई. एकावर एक भाकरी. भाकर पक्की असते. पण दोन भाकरींच्या मधे फट असते, लाल माती असते. पाणी तिथून पळतं. तुमच्या इथं पळतं का, ते मला बघायचंय."

बघायची रीत अशी होती. बोरच्या भोकात रंग ओतायचा आणि खालच्या विहिरीत तो येतो का ते रोज पाहायचं. रंगाची पूड होती विटकरी, पण माझ्या बादलीत त्यांनी चिमूटभर टाकली आणि सगळ्या बाया ओरडल्या. पोपटाच्या पंखासारखं हिरवं झालं पाणी, उन्हात धरलं की आतून उजेड असल्यासारखं. "जहर!" शेजारीण म्हणाली. सरांनी त्यातलाच पेला भरून घटाघटा पिऊन दाखवला आणि मिशा पुसल्या. "काही होत नाही. नुसता रंग आहे." मग दोन दिवस पोट्टी त्यांच्या मागं, सरांची लघवी हिरवी होते का बघायला. झाली म्हणे.

रोज सकाळी विहिरीतून काचेची बाटली भरून ठेवायचं काम सरांनी मला दिलं.

आता आमच्या लोकांनी काय केलं ते ऐका. रंग ओतायचा ठरला त्याच्या आदल्या दिवशी मामाजींनी वस्ती गोळा केली.

"उद्यापासून मोठे लोकं आपल्या इहिरीचं पानी रोज पाह्यनार. बाटलीत भरून शहरात नेनार. पान्यात एक पानकिडा दिसला तं म्हनतीन, यायची इहीर अशीच राह्यची. दिसू द्याचा का?"

"नाई!"

सगळी वस्ती कामाला लागली. गडी आत उतरले, गाळ उपसला, बायांनी तो डोक्यावर वाहिला. कठड्याला चुना दिला. बुद्ध पौर्णिमेला सुद्धा एवढी साफसफाई झाली नव्हती. आणि शेवटी, साथीच्या दिवसांत विहिरीत टाकायला आरोग्यवाले ब्लिचिंग पावडरचं पोतं ठेवून गेले होते, ते मामाजींनी उचलून आणलं. थोडी टाकायची असते. त्यांनी सढळ हातानं टाकली, नव्या झऱ्याचं पाणी भरत आलं तशी आणखी टाकली. पाणी असं चकाकलं की तळातला दगड मोजून घ्यावा. मामाजी कठड्याला धरून वाकून बघत राहिले. लेकरू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर मी काही पाहिलं त्या दिवशी.

रंग ओतला. मी बाटल्या भरत गेले. रोज पाणी निर्मळ. तरुण साहेब खूश, पेट्या बांधायला लागला. सरपंचानं चावडीत सगळ्यांना चहा पाजला. सर मात्र बाटली उन्हात धरून बघायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. एका दुपारी ओसरीवर बसून त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाजवळ नेला आणि तसाच धरला.

"हा वास कसला?"

मामाजी छाती पुढं काढून म्हणाले, "औषधाचा! तुमच्यासाठी इहीर साफ केली ना, सर. अख्खं पोतं टाकलं."

सरांनी खिशातली पुडी काढली, चिमूट तांब्यात टाकली. हिरवा रंग उसळला, आणि आमच्या डोळ्यांदेखत फिका होत होत गेला. तांब्यात पुन्हा नुसतं पाणी. रंग आला असता तरी त्या औषधानं त्याला दिसू दिलं नसतं.

मामाजी हळूच म्हणाले, "म्हंजे आमी बिघडोलं?"

"नाही हो बाबा. मी सांगायला पाहिजे होतं, काही टाकू नका म्हणून. माझ्या डोक्यातच आलं नाही, कोणी आपली विहीर एवढी स्वच्छ करील."

तरुण साहेब म्हणाला, आता परत करायला वेळ नाही, निकाल चांगला आहे, सही करा. सर म्हणाले, "जे मी पाहिलंच नाही त्याच्यावर कशी सही करू?" जीप गेली, मशीनही गेली. सर रंगाचा डबा घेऊन एकटे राहिले, चावडी सोडून आमच्या ओसरीवर.

विहीर पुन्हा उपसली, औषधाचा वास जाईपर्यंत. आणि मग तिला हात लावायचा नाही असं ठरलं. मामाजींना ते किती जड गेलं ते मी पाहिलं आहे. कडुनिंबाचा पाला पडायचा, तो पाण्यावर तसाच. बाभळीची फुलं पडायची. मामाजी कठड्याजवळ जायचे, हात पुढं व्हायचा, मागं यायचा. सर म्हणायचे, "राहू द्या बाबा." मामाजी म्हणायचे, "हो ना. नाई लावत."

सरांनी दुसऱ्यांदा रंग ओतला. काही दिवस गेले. मग एका सकाळी मी बादली वर ओढली, आणि बादलीत पोपटी पाणी.

खरं सांगते, मला आनंदच झाला. पळत सुटले. "सर, आला! रंग आला!" मला वाटलं आपण जिंकलो. आता ती जहरी वस्तू इथं पुरता यायची नाही, हाडकी सुटली. सर अनवाणीच आले, बाटली भरून उन्हात धरली आणि मान डोलावली. वस्ती जमली. पोट्टी नाचायला लागली. कोणी म्हणालं, सरपंचाचं तोंड पाहा जाऊन.

मामाजी नाचणाऱ्या पोट्ट्यांकडं बघत नव्हते. ते हाडकीकडं बघत होते. मग विहिरीकडं. मग पुन्हा वर.

"सर," ते म्हणाले, "रंग तिथून निंघाला अन् इथं आला."

"हो."

"तं मंग ह्याच्या आंधी तिथं जे जे व्हतं... ते?"

सरांनी हातातली बाटली खाली ठेवली. मला वाटतं त्यांना त्या घडीलाच कळलं मामाजी काय विचारत होते. गेल्या पावसाळ्यात गावातली किती ढोरं मेली होती, त्यांच्या गाड्या आमच्या डोळ्यांसमोरून हाडकीवर गेल्या होत्या. आम्ही नाकाला पदर लावला होता, एवढंच.

मी त्या माणसासमोर कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी विचारलं. "सर, माह्यं लेकरू ह्याच पान्यानं गेलं का?"

सरांना आमच्या घरातलं माहीत होतं, ओसरीवर राहत होते. ते खाली बसले, जमिनीवरच.

"मला माहीत नाही, बाई," ते म्हणाले. "पाणी तिथून इथं येतं, एवढं दिसलं. त्या वेळी त्याच्यासोबत काय आलं, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तरी खोटं."

तेव्हा मला त्यांचा फार राग आला. एवढा शिकलेला माणूस, एक शब्द बोलला असता तर काय गेलं असतं? नाही म्हणाला असता तर आम्ही मान्य केलं असतं. पुढं किती वर्षं मी ते 'माहीत नाही' पोटात घेऊन फिरले. आता म्हातारपणी वाटतं, त्या दिवशी तो 'नाही' म्हणाला असता तर त्याच्या दुसऱ्या कुठल्याच शब्दावर माझा विश्वास राहिला नसता.

मामाजी आत गेले. खुंटीजवळच्या कोनाड्यातला तो लहान गडवा घेतला, हातात फिरवला, परत ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सर जायला निघाले. पिशवी खांद्याला लावून मामाजींसमोर उभे राहिले.

"बाबा, एक विचारायचंय. मी लिहिणार की ही जागा चालणार नाही. का चालणार नाही, तेही लिहावं लागेल. हाडकीवरचं पाणी या विहिरीत येतं असं लिहिलं की या विहिरीचं पाणी प्यायचं नाही असंही त्यात आलंच. ही विहीर तुमची आहे. तुम्ही नको म्हणालात तर नुसतं एका विहिरीत आलं, एवढंच लिहीन. कोणाची ते लिहिणार नाही."

मामाजींनी आपल्या ताठ बोटांकडं पाहिलं. वस्तीतले दोघं-तिघं उभे होते. एक जण म्हणाला, "बुवा, नका लिहू देऊ. लोकं हासतीन. मंग पानी कोठून आनाचं आपुन?"

मामाजी चालत विहिरीपर्यंत गेले. कठड्यावरचा चुना अजून पांढरा होता. थोडा वेळ तिथं उभे राहून परत आले.

"लिहा," ते म्हणाले. "मी खंदली तवा मले सांगनारं कोनी नोतं. इथं नको खंदू, असं कोनी म्हनलं असतं तं आयकलं असतं मी. तुमी सांगू राह्यले, तं लिहा. पुरं लिहा."

सरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मग पायीच शिरपूरकडं गेले. पुन्हा कधी आले नाहीत. त्यांचं लिहिलेलं आम्ही कधी पाहिलं नाही, पाहिलं असतं तरी इंग्रजीत असणार. मशीनही परत आली नाही. ते सरांच्या शब्दामुळं की आणखी कशामुळं, कोणी सांगायला आलं नाही. खरं तर असं सांगायला यायला पाहिजे होतं, नाही का? ज्यांच्या दारात भोक पाडलं त्यांना निदान एवढं तरी, की आता येत नाही आम्ही. बोरचं भोक सिमेंट भरून बंद करायलाही कोणी आलं नाही. मामाजींनीच त्यात दगडमाती भरली.

मग सुरू झाले आमचे हाल. त्या विहिरीवरची दोरी मामाजींनी स्वतः काढली. वस्तीतल्या बाया पुन्हा घागरी घेऊन गावाच्या विहिरीवर जायला लागल्या. आता कोणी अडवत नव्हतं, कायदा होता. पण रांगेत आमची पाळी आली की कुणाला तरी आठवायचं, घाई आहे. एकीनं तोंडावर विचारलं, "काहून व, तुमची ते राजवाड्यावानी इहीर कोठी गेली?" सरपंच मामाजींना दिसला की हसून म्हणायचा, "बुवा, तुमच्या इहिरीनं गावाची सडक खाल्ली." ते मामाजी ऐकून घ्यायचे. वस्तीतली माणसं म्हणायची ते मात्र त्यांना सोसत नसे. "बुढ्यानं आपल्या हातानं आपली इहीर बाटोली," असं आमच्याच एका बाईनं पाणवठ्यावरून येता येता म्हटलं, त्यांना ऐकू जाईल असं. कोणता शब्द वापरला बघा तिनं. जो शब्द पुसायला ती विहीर खणली होती, तो.

मामाजी तेव्हापासून विहिरीजवळच्या निंबाखाली बसायला लागले. काठी घेऊन, सकाळपासून. वाटसरू यायचे, केनवडच्या बाजाराला जाणारे, मेंढरांवाले धनगर. कठडा बघून वळायचे. मामाजी उठायचे.

"पिऊ नका. वरची घान येते."

"पानी तं साफ दिसते, बुवा."

"दिसते. म्हनून तं बसलो इथं."

आमच्या ह्यांनी एकदा म्हटलं, बाबा, पाटी लावू या, रंगानं लिहून. मामाजी म्हणाले, "वाचनार कोन? मेंढरायवाले का मेंढरं?" ऊन असो, वारा असो, बसायचेच. पुढं मला दुसरी लेकरं झाली. त्यांना त्यांनी कधी स्वतःच्या हातानं पाणी पाजलं नाही. मांडीवर घ्यायचे, खेळवायचे, पण तहान लागली की हाक मारायचे, "सूनबाई, पानी दे व ह्याले." तो लहान गडवा कोनाड्यात काळा पडत गेला. मी घासायला घेतला तर म्हणाले, "राहू दे."

ती सत्तरीची सालं सरता सरता मामाजी गेले. शेवटच्या सकाळी त्यांनी पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं. कुठल्या विहिरीचं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मग काही वर्षं त्या निंबाखाली मी बसले. दिवसभर नाही, रोजगार बुडवून कोण बसेल, पण येता-जाता, कुणी वळताना दिसलं की. नंतर वस्तीत हातपंप आला, मग नळ आले. विहिरीकडं कोणी वळेना. मला वाटलं, सुटलो.

हाडकी आता ओळखू येत नाही. तिथं घरं झाली, अंगणवाडी झाली. ढोरं टाकणं कधी बंद झालं ते आठवत पण नाही. तिथं राहणाऱ्या पोरांना विचारा हाडकी म्हणजे काय, सांगता येणार नाही. चांगलंच आहे एका अर्थी. एवढं मोठं जहर पुरायला निघाले होते, ज्याची आठवण कितीतरी पिढ्यांना ठेवायला लागली असती. इथं माझ्या एका जन्मात सगळं पुसलं.

मागच्या उन्हाळ्यात नळ आटले आणि पोरांनी त्या विहिरीत मोटर सोडली. गाळ उपसला, अंगणात पाईप आला. नातसून भांडं भरून घेऊन आली. तिचं लेकरू कडेवर, नुकतं पाऊल टाकायला लागलेलं.

"आजी, पानी तपासून आनलं बरं. रिपोर्ट चांगला हाय."

मी पाण्याकडं पाहिलं. निर्मळ होतं. हाडकीवर कित्येक वर्षांत काही पडलेलं नाही, हेही खरं. रिपोर्ट काही खोटा नसेल.

"काय पाहून राह्यल्या एवढं? सांगा ना. ह्याले पाजू का नको?"

कडेवरच्या लेकरानं भांड्याला हात लावला होता. मी ते भांडं तिच्या हातातून काढून घेतलं.

"मले माईत नाई, बाई," मी म्हटलं. "म्हनूनच म्हन्ते, नको पाजू."